खाडाखोड

लेखक अंतर्मुख असतो, असा एक समज आहे आणि तो लेखकांनीच मोठ्या आवडीने जोपासलेला आहे. जो माणूस एकांतात बसून तासन्‌तास स्वतःच्या मनाशी बोलतो, त्याला स्वतःची ओळख इतरांहून अधिक असणारच, असे गृहीत धरले जाते. बरीच वर्षे लिहिल्यावर माझे मत जवळजवळ याच्या उलट झाले आहे. ज्याच्या हाताशी शब्द असतात, त्याला स्वतःची समजूत घालणे फार सोपे जाते. न लिहिणारा माणूस एखाद्या प्रसंगी आपण कसे वागलो हे आठवून नुसताच अस्वस्थ होतो, रात्री कूस बदलत राहतो. लिहिणारा मात्र त्या अस्वस्थतेचा एक परिच्छेद करतो, परिच्छेद चांगला उतरतो आणि उतरल्याच्या समाधानात मूळची टोचणी कधी विरून गेली, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

माझ्या जुन्या रोजनिश्या चाळताना हे मला फार जाणवते. त्यांत जी बाई भेटते ती समजूतदार आहे, वारंवार दुखावली जाते आणि बहुतेक वेळा क्षमा करते. तिने लिहिलेले खोटे नाही. त्या त्या दिवशी ते ते घडले होते. पण काय लिहायचे आणि काय सोडायचे याची निवड इतक्या सफाईने झालेली आहे की, भांडणाच्या प्रत्येक नोंदीत समोरच्याचे शेवटचे वाक्य सापडते आणि माझे पहिले वाक्य सापडत नाही. रोजनिशी कोणी वाचणार नाही, असे आपण म्हणतो खरे, तरी लिहिताना खांद्यावरून कोणीतरी डोकावते आहे ही जाणीव सुटत नाही आणि त्या कोणाला तरी आपण बरे दिसावे, ही इच्छाही सुटत नाही. मला सर्वांत खटकते ती त्या पानांची स्वच्छता. पानेच्या पाने सुबक अक्षरात भरलेली आहेत आणि एकही शब्द खोडलेला नाही. लिहिलेल्या वाक्याकडे पुन्हा वळून ‘हे असेच होते का?’ असे तिथे कोणी विचारलेलेच नाही.

हा प्रश्न मला विचारावा लागतो तो प्रसिद्धीसाठीचे लेखन दुरुस्त करताना, आणि तोही आत्मशोधासारख्या कुठल्या भारदस्त हेतूने नव्हे. वाक्य कानाला बरे लागत नाही, एखादा शब्द झिजलेला वाटतो, तेवढ्यावरून सुरुवात होते.

वडिलांच्या अखेरच्या आजारपणावर लिहीत होते, तेव्हाची गोष्ट सांगते. पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होते : ‘बाबा गेले आणि घरावर शोककळा पसरली.’ व्याकरणदृष्ट्या निर्दोष, अर्थाला सरळ, कोणीही हरकत घेऊ नये असे. दुसऱ्या वाचनाला पेन ‘शोककळा’पाशी थांबले. शोककळा पसरली म्हणजे त्या घरात नेमके काय झाले, ते मी समासात लिहून काढू लागले. भाऊ कागदपत्रे शोधत होता आणि ती ज्या कपाटात होती त्याची किल्ली मिळत नव्हती. बाहेरच्या खोलीत कोणीतरी एकामागून एक फोन लावून तीच दोन वाक्ये त्याच क्रमाने बोलत होते आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या वाक्यापूर्वी तेवढेच थांबत होते. मी औषधे आवरायला घेतली होती. उघडलेली पाकिटे एका बाजूला, न उघडलेली दुसऱ्या बाजूला, कोणी सांगितले नसताना. आई खुर्चीत बसून होती. तिने मध्येच विचारले, ‘‘आज रात्री जागायची पाळी कोणाची?’’ भाऊ म्हणाला, ‘‘आई, आता कोणाचीच नाही.’’ आणि ते ऐकताच माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, आज मला झोपता येईल.

हे शेवटचे वाक्य मी लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले आणि अखेर छापून आले ते त्या वाक्यासह. ‘शोककळा’ त्याच्यापुढे पडद्यासारखी उभी होती. ती जागरणे, तो थकवा आणि त्या क्षणीची ती सुटकेची भावना हे सगळे मी जगले होते, तरी इतकी वर्षे ते मला ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असून कधी शब्दांपर्यंत आले नव्हते. त्या दिवसाच्या रोजनिशीत वडिलांच्या स्वभावाविषयी एक हृद्य मजकूर आहे. झोपेचा उल्लेख नाही. विचार करूनही मी तिथवर पोहोचले नव्हते. एक वापरून वापरून गुळगुळीत झालेला शब्द बदलावासा वाटला, एवढेच निमित्त.

मराठीत असे तयार शब्दप्रयोग विपुल आहेत. डोळे पाणावतात, ऊर भरून येतो, काळजात चर्र होते, पायाखालची वाळू सरकते. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून ते घडले आहेत आणि बोलताना ते अगदी नेमके काम करतात. अडचण एवढीच की, आपण नीट पाहण्याआधीच ते हजर होतात. नव्या लेखकाची पहिली काही वर्षे हे धन गोळा करण्यात जातात आणि जायलाच हवीत, कारण जे कमावलेच नाही त्याविषयी शंका घेता येत नाही. शंका नंतर येते. (ती आल्यावर काही जण विशेषणांचेच वैरी होतात आणि कोरड्या, तुटक वाक्यांना सचोटी समजू लागतात. तो गणवेशही तयारच मिळतो. माझ्या तरी डोळ्यांना त्यात आणि अलंकारिक लेखनात फारसा फरक दिसत नाही.)

त्या लेखानंतर आणखी एक गोष्ट घडली. झोपेच्या त्या वाक्याचे वाचकांनी कौतुक केले. ‘किती प्रामाणिक लिहिले आहे,’ असे अनेकांनी कळवले. ते वाचून बरे वाटले, आणि पुढच्या एका लेखात माझे पेन आपणहून माझ्यातले आणखी एखादे क्षुद्रपण शोधू लागले. स्वतःला चांगले दाखवण्याचा मोह सर्वांना ठाऊक असतो, पण स्वतःला थोडे वाईट दाखवून त्याबद्दल शाबासकी मिळवण्याचा मोह अधिक बेरका असतो, कारण तो आत्मपरीक्षणाचा वेष घेऊन येतो. ललित लेखातला ‘मी’ हा या दोन मोहांच्या मध्ये उभा असतो. तो कधी हळवा आणि शहाणा असतो, कधी स्वतःच्या चुका मोठ्या दिलदारपणे मान्य करणारा असतो. पण या दोन्ही रूपांत तो वाचकाच्या नजरेत चढतच जातो. वाचकाला न आवडणारा आणि तरीही लेखकाने स्पष्टीकरण न देता सोडलेला ‘मी’ फार क्वचित भेटतो. मला तो अजून लिहिता आलेला नाही.

कौतुकाविषयी थोडे अधिक बोलायला हवे, कारण लेखकाच्या वाढीत त्याच्याइतका मोठा अडथळा दुसरा नाही, असे माझे मत आहे. टीका झोंबते, पण ती निदान विचारात पाडते. कौतुक मात्र माणसाला त्याच जागी बसवून ठेवते. सुरुवातीला प्रत्येक जण कोणाची तरी नक्कल करतो. आवडत्या लेखकाची वाक्ये कानात घुमत असतात, त्यांच्या चालीवर आपली वाक्ये चालू लागतात, आणि यात लाजण्यासारखे काही नाही. गाणारासुद्धा आधी गुरूच्याच गळ्याने गातो. हळूहळू त्या नकलेतून काहीतरी आपले निघते. लोक त्याला शैली म्हणतात. खरा धोका तिथून पुढे सुरू होतो, कारण आता नक्कल करायला घरातलेच माणूस मिळालेले असते. परिच्छेदाच्या शेवटी एखादे छोटे, टोकदार वाक्य ठेवण्याची माझी लकब वाचकांना आवडे. ‘हे वाक्य तुमचेच, नाव नसते तरी ओळखले असते,’ असे कोणी म्हटले की मी सुखावत असे, आणि पुढच्या लेखात ते वाक्य मागणीनुसार पुरवत असे. एका संग्रहाची मुद्रिते तपासायला आली, तेव्हा मुद्रितशोधकाने दोन-तीन परिच्छेदांच्या अखेरीस समासात पेन्सिलने नुसते ‘पुन्हा?’ असे लिहिले होते. त्याला बहुधा एखाद्या शब्दाची पुनरुक्ती दाखवायची असावी. मी मात्र ते सगळे लेख ओळीने, एका बैठकीत, केवळ शेवट पाहत वाचून काढले. ती बैठक सुखाची नव्हती. निरनिराळ्या विषयांवरचे, निरनिराळ्या वर्षी लिहिलेले लेख एकाच दाराने बाहेर पडत होते. विषय वेगळा असला तरी विचार पूर्ण होण्याआधीच मी त्याला एक नेटके वाक्य देऊन मोकळी झाले होते.

तेव्हापासून मी आपल्या लेखनाची वाढ वेगळ्या तऱ्हेने मोजते. कोणते नवे प्रकार हाताळता आले, किती लिहून झाले, यापेक्षा पूर्वी सहज लिहिता येणारे काय आता लिहिता येत नाही, हे पाहते. तशा वाक्यांची यादी लांबते आहे. साहजिकच लेखनाचा वेग कमी झाला आहे आणि संपादकांना ते फारसे रुचत नाही.

पण मग जुन्या लेखनाचे काय करायचे? आजच्या समजुतीने कालचे वाक्य खोटे किंवा उथळ वाटले, तर ते बदलायचे, गाळायचे, की तसेच ठेवायचे? या प्रश्नाचे मला ठाऊक असलेले सर्वांत जिवंत उत्तर माँतेनच्या लेखनात आहे. ज्याला आज आपण निबंध म्हणतो, त्या प्रकाराचा हा फ्रेंच जनक १५७१ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी सार्वजनिक कामकाजातून निवृत्त झाला आणि स्वतःविषयी लिहू लागला. त्याच्या निबंधांचे पहिले दोन भाग १५८० मध्ये छापले गेले. १५८८ च्या आवृत्तीत त्याने तिसरा भाग जोडला आणि आधीच्या निबंधांतही ठिकठिकाणी भर घातली. त्यानंतर १५९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो त्याच छापील आवृत्तीच्या एका प्रतीच्या समासांत लिहीत राहिला. ती प्रत बोर्दोमध्ये आजही जपलेली आहे. ‘मी भर घालतो, दुरुस्ती करत नाही,’ असे त्याने स्वतःच म्हणून ठेवले आहे. हे तंतोतंत खरे नाही, कारण त्या प्रतीत त्याने शब्द खोडलेले आहेत, विरामचिन्हेही बदललेली आहेत. पण त्याची मूळ वृत्ती तीच होती. आधी एक मत दिलेले असते, पुढे त्याला छेद देणारे दुसरे मत येते आणि दोन्ही शेजारी शेजारी राहतात. आधुनिक आवृत्त्यांत हे तीन थर अ, ब, क अशा खुणांनी वेगळे दाखवतात, त्यामुळे एकाच परिच्छेदात एकाच माणसाची तीन वये बोलताना ऐकू येतात.

त्यातले एक स्थळ मी पुन्हा पुन्हा पाहते. माँतेनचा जिवलग मित्र ला बोएसी १५६३ मध्ये, तरुण वयातच वारला. मैत्रीवरच्या निबंधात १५८० मध्ये माँतेनने लिहिले की, मी त्याच्यावर इतके प्रेम का केले असे कोणी खोदून विचारले, तर ते सांगता येणार नाही असे मला वाटते. वाक्य तिथेच संपत होते. पुढे बोर्दोच्या त्या प्रतीत, समासात, त्याने हे उत्तर जोडले : ‘कारण तो तो होता.’ आणि मग, निराळ्या शाईत : ‘कारण मी मी होतो.’ मित्राच्या मृत्यूला तोवर पंचवीस वर्षे उलटून गेली होती. शाई निराळी आहे, म्हणजे दुसरा अर्धा भाग पहिल्यासोबत सुचलेला नव्हता. मैत्रीचे कारण मित्राच्या ठायी आहे, इथवर तो आधी आला, आणि त्यात आपलाही वाटा आहे हे त्याला नंतर दिसले. पण माझे लक्ष त्याहून अधिक पहिल्या वाक्याकडे जाते. ‘सांगता येणार नाही’ हे त्याने खोडले नाही. ते खोडले असते, तर उरलेले उत्तर एखाद्या सुभाषितासारखे दिसले असते. सांगता येत नाही, असे म्हणत काढलेली वर्षे त्याच्यामागे उभी आहेत, म्हणून त्याला वजन आहे.

इंग्रजी कवी ऑडनने याच्या अगदी विरुद्ध वाट धरली. दुसरे महायुद्ध ज्या दिवशी सुरू झाले, तो १ सप्टेंबर १९३९ हा दिवसच त्याच्या एका कवितेचे शीर्षक आहे. आपण एकमेकांवर प्रेम केले पाहिजे नाहीतर मेले पाहिजे, अशा आशयाची त्यातली ओळ लोकांच्या तोंडी बसली. ऑडनला मात्र ती पुढे असह्य झाली. मरायचे तर प्रेम करूनही आहेच, तेव्हा ही ओळ खोटी आहे, असे त्याचे म्हणणे. १९४५ च्या संग्रहात त्याने ते कडवेच वगळले. पुढे एकदा ‘नाहीतर’च्या जागी ‘आणि’ घालून पाहिले, आणि १९६६ च्या संग्रहातून सबंध कविताच काढून टाकली. त्याच्या सचोटीविषयी मला आदर आहे. आपलीच सर्वांत लोकप्रिय ओळ खोटी आहे असे म्हणायला जे लागते, ते माझ्यात नाही. तरीही मला त्याचा निर्णय पटत नाही. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कवर हल्ला झाल्यावर भेदरलेल्या लोकांनी एकमेकांना पाठवली ती हीच कविता. बत्तीस वर्षांच्या ऑडनने युद्धाच्या तोंडावर जे लिहिले ते तर्काला धरून नसेल, पण त्या क्षणी माणसाला जे म्हणावेसे वाटते ते त्यात होते, आणि प्रौढ ऑडनला ते पुन्हा वाटणे शक्य नव्हते. वय वाढले की आपण दर वेळी अधिक खरे होतो असे नाही. कधी कधी आपण फक्त अधिक सावध होतो, आणि दुरुस्त करणाऱ्या हाताला हा फरक कळतोच असे नाही. म्हणून खोडण्याच्या बाजूने इतके बोलून झाल्यावर मला हेही नोंदवायला हवे की, माझे काही लेख मी खोडून खोडून मारलेले आहेत. पहिल्या खर्ड्यातला धसमुसळेपणा काढताना त्यांतला जीवही गेला.

तो जीव परत मिळवण्यासाठी पहिला खर्डा हाताशी असावा लागतो, आणि संगणकावर लिहू लागल्यापासून तो नसतो. कळ दाबली की शब्द जातो तो माग न ठेवता. रवींद्रनाथ ठाकूर आपल्या हस्तलिखितांतले खोडलेले शब्द रेषांनी एकमेकांना जोडत आणि त्यांतून पक्षी, चेहरे, विचित्र प्राणी आकाराला येत. १९२४ च्या सुमाराच्या ‘पूरबी’ या काव्यसंग्रहाच्या वहीत हे ठळकपणे दिसते. अर्जेंटिनातल्या मुक्कामात तिथल्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी ती वही पाहिली, रवींद्रनाथांना उत्तेजन दिले, आणि १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले. तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. संगणकावर लिहिले असते, तर त्या चित्रकाराचा जन्म कुठून झाला असता, कोण जाणे. माझ्या खोडलेल्या शब्दांतून चित्रे होण्याची शक्यता नाही. तरी आता मी प्रत्येक खर्डा वेगळ्या नावाने साठवते, आणि महत्त्वाचे वाटणारे लेखन आधी कागदावर करते.

अलीकडे माझ्या पहिल्या लेखसंग्रहाची नवी आवृत्ती काढायचे ठरले, आणि प्रकाशकांनी काही बदल हवे असल्यास कळवा, असे सांगितले. बदल करावेत अशा जागा पानोपानी होत्या. एका लेखात मी आदल्या पिढीच्या लेखकांना ज्या आत्मविश्वासाने निकालात काढले आहे, तो वाचताना आज मान खाली जाते; शिवाय त्या पिढीच्या आज मी अधिक जवळ आहे. तो लेख गाळावा असे फार वाटले. नव्या प्रस्तावनेत त्याबद्दल सारवासारव करावी, असेही वाटले, आणि तसे दोन परिच्छेद लिहूनही झाले. मग ते परिच्छेद पुन्हा वाचले. त्यांत तीच ती रोजनिशीतली समजूतदार बाई बोलत होती, आता वयाने वाढलेली आणि स्वतःच्या तारुण्यालाही क्षमा करणारी. ते दोन्ही परिच्छेद मी काढून टाकले. लेख आहे तसा ठेवला. चुकीची सालवारी आणि छपाईच्या चुका तेवढ्या दुरुस्त करून दिल्या. ‘नाही’ हा शब्द सुटल्यामुळे अर्थ उलटा झाला होता, अशी एक जागाही त्यांत होती, आणि इतक्या वर्षांत कोणा वाचकाने त्याबद्दल विचारले नव्हते. प्रत्येक लेखाच्या शेवटी तो लिहिल्याचे वर्ष मात्र आवर्जून घालायला सांगितले आहे. आधीच्या आवृत्तीत ते नव्हते, आणि त्यामुळे सगळे लेख एकाच माणसाने एकाच वयात लिहिल्यासारखे वाटत.